विश्लेषण : धूळ की धूर? उपग्रहाला फरक कसा कळतो?

२३ जानेवारी २०२२. रविवारी मुंबईवर धूसर पडदा पसरला. दृश्यमानता घटली, हवेची गुणवत्ता खालावली आणि उभ्या गाड्यांवर पांढरट थर बसला. ते धुके नव्हते. पाकिस्तानातून अरबी समुद्रावरून आलेली ती धूळ होती. आदल्या दिवशी कराचीत धुळीचे वादळ झाले होते आणि धुळीचा हा लोट पुढे गुजरातमार्गे मुंबईकडे सरकताना उपग्रहांना दिसत होता. तो कसा ओळखला जातो?

नजर ठेवणारे उपग्रह कोणते?

सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरील इन्सॅटसारखे भूस्थिर उपग्रह एकाच भूभागाची छायाचित्रे दर अर्ध्या तासाने घेतात. त्यामुळे वादळाची दिशा आणि वेग कळतो. नासाच्या टेरा व अ‍ॅक्वा या उपग्रहांची कक्षा सुमारे ७०० किलोमीटरवर. ते दिवसाउजेडी साधारण एकदाच डोक्यावरून जातात, पण बारकावे अधिक टिपतात.

धूळ रात्रीही दिसते?

हो. वाळवंटी धुळीत सिलिकेट खनिजे असतात. ती ११ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपासचे अवरक्त किरण १२ मायक्रॉनच्या किरणांपेक्षा जास्त शोषतात. बर्फाच्या विरळ ढगांचे नेमके उलटे असते. त्यामुळे या दोन तरंगलांबींवर मोजलेल्या तापमानांची वजाबाकी केली की धूळ आणि ढग वेगळे काढता येतात. छायाचित्राला कृत्रिम रंग दिल्यावर धूळ गडद गुलाबी दिसते. यासाठी सूर्यप्रकाश लागत नाही.

धुराचे काय?

धुराचे कण फार सूक्ष्म. या अवरक्त किरणांना ते जवळपास अडवतच नाहीत. म्हणून धूर दिवसाच, निळसर-करड्या पट्ट्यासारखा दिसतो. रात्री धूर हरवतो, पण आग सापडते, कारण ४ मायक्रॉनच्या आसपास तिची उष्णता ठळक दिसते. जून २०२३ मध्ये कॅनडातील वणव्यांचा धूर शेकडो किलोमीटरवरील न्यूयॉर्कमध्ये पोहोचला आणि ७ जूनला तिथले आकाश नारिंगी झाले. तो प्रवासही उपग्रहांनी टिपला होता.

मर्यादा कोणती?

उपग्रह वरून खालपर्यंतचा हवेचा संपूर्ण स्तंभ एकत्र पाहतो. धूर चार-पाच किलोमीटर उंचीवर असेल तर छायाचित्र भीतीदायक दिसते, पण जमिनीवरची हवा ठीक असू शकते. उलट ढगांखाली दडलेली धूळ दिसतच नाही. लेसरने कणांची उंची मोजणारा कॅलिप्सो उपग्रह २००६ पासून कार्यरत होता. २०२३ मध्ये ती मोहीम संपली.

मग नागरिकांनी काय पाहावे?

उपग्रह इशारा देतो. श्वासात काय जाते, हे जमिनीवरचे मापन केंद्र सांगते. धूळ आली की मुख्यतः पीएम १० हा आकडा चढतो, धुरात पीएम २.५. दमा असलेल्यांनी, लहान मुले व ज्येष्ठांच्या घरच्यांनी तो पाहूनच बाहेर पडणे, मास्क लावणे किंवा खिडक्या बंद ठेवणे ठरवावे. अडचण ही की मापन केंद्रे प्रामुख्याने शहरांत आहेत. ती नसलेल्या तालुक्यांत उपग्रहाचा अंदाज हाच एकमेव आधार उरतो आणि तोही स्तंभाचा असतो, श्वासाचा नव्हे.