दुसऱ्या मुलाखतीचें बोलावणें

आमच्या निलंग्यासारख्या तालुक्याच्या गांवीं मुलाच्या कॉलेजप्रवेशाचा विषय निघाला, कीं घरांतील वडील मंडळी प्रथम एकच गोष्ट विचारतात : गुण किती पडले? ह्यांत नवल नाहीं. ज्या ‘लातूर पॅटर्न’चा सर्व महाराष्ट्रांत बोलबाला झाला, तो लेखी परीक्षेच्या पायावरच उभा आहे. वैद्यकीकरितां ‘नीट’, अभियांत्रिकीकरितां ‘जेईई’ अथवा राज्याची ‘सीईटी’. ह्यांपैकीं कोठेंही मुलाचा आवाज कोणी ऐकत नाहीं. उत्तरें तपासणारें यंत्र मूल कोणाचें, कोणत्या गांवचें, हें विचारीत नाहीं. आणि आमच्या आडवळणाच्या भागांतील मुलांस ह्या आंधळेपणाचा पुष्कळ लाभ झालेला आहे.

परंतु अलीकडे आपल्यांतील कांहीं घरांतून बारावीनंतर लागलेंच अमेरिकेंतील हार्वर्ड, प्रिन्स्टन अशा कॉलेजांकडे अर्ज जाऊं लागले आहेत, आणि तेथील रीत अगदींच निराळी. अर्ज साधारणतः जानेवारीच्या आरंभापर्यंत पोंचवावयाचा व निकाल मार्चअखेर ऐकावयाचा. मधल्या काळांत त्या कॉलेजाचा एखादा माजी विद्यार्थी, जो आज मुंबईंत किंवा पुण्यांत आपला व्यवसाय करीत असतो, उमेदवारास भेटतो किंवा संगणकाच्या पडद्यावरून त्याच्याशीं बोलतो. हा गृहस्थ वेतन घेत नाहीं. हार्वर्डच्या बाबतींत तर उमेदवाराचा सारा अर्जही त्याच्यापुढें नसतो. बोलणें संपलें कीं आपलें मत लिहून तो कॉलेजाकडे पाठवितो. सर्वांस अशी भेट मिळतेच असें नाहीं, व न मिळाल्यानें नुकसान होत नाहीं असें कॉलेज सांगतें. थोड्या उमेदवारांस मात्र उशिरां, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, पुन्हां एक पत्र येतें : आपणांशीं आणखी एकदां बोलावयाचें आहे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं असें पत्र आलें, तेव्हां त्या एकत्र कुटुंबांत दोन तट पडले. आजोबांच्या मतें पहिली मुलाखत बिघडली असली पाहिजे, नाहींतर पुन्हां बोलावण्याचें कारण काय? काकांच्या मतें हें निवड झाल्याचेंच चिन्ह; त्यांनीं पेढ्यांची गोष्ट काढली, आणि त्याच तोंडानें पुण्यांतील एका क्लासची चौकशीही केली, कारण तेथें म्हणे मुलाखतीचीं उत्तरें पाठ करून घेतात. ज्या मुलीचें हें पत्र, ती एका बाजूस उभी होती. मी निघालों तेव्हां दारापर्यंत पोंचवावयास येऊन तिनें हळूच विचारलें, “गुरुजी, दुसऱ्या वेळीं तींच उत्तरें द्यायचीं कीं निराळीं?” सर्व घरांत खरा प्रश्न तिनेंच विचारला होता.

आजोबांचें भय आणि काकांचा आनंद, दोन्हीही मला निराधार वाटतात. कागदावरून ज्यांचा निर्णय पक्का झाला, त्यांना सहसा पुन्हां बोलावण्याची गरज नसते. ज्याच्याविषयीं कांहीं जाणून घ्यावयाचें उरलें आहे त्यालाच बोलावतात. तें उरलेलें काय आहे हें बाहेरच्या मनुष्यानें सांगूं नये. शिष्याला लगेच ‘हो’ न म्हणतां पुन्हां यावयास सांगण्याची चाल आपल्याकडेही जुनी आहे. प्रश्नोपनिषदांत सहा जिज्ञासू हातांत समिधा घेऊन पिप्पलादांकडे येतात, तर ते म्हणतात, एक वर्ष राहा, मग विचारा. त्या सहांपैकीं कोणी हा अपमान मानल्याचें दिसत नाहीं.

अलीकडच्या काळांतील दुसऱ्या मुलाखतीचें सर्वांत मोठें उदाहरण शोधूं लागलों, तर तें आपल्या महाराष्ट्रांतच सांपडतें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ सालीं मॅट्रिक झाले, तेव्हां सत्काराच्या सभेंत कृष्णराव अर्जुन केळूसकर ह्या शिक्षकांनीं स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र त्यांना भेट दिलें. पुढें इंटर झाल्यावर वडिलांची ऐपत सरली. त्या वेळीं केळूसकरांनींच पुढाकार घेऊन त्यांची बडोद्याच्या सयाजीराव महाराजांशीं भेट घडवून आणली. महाराजांनीं प्रश्न विचारले, उत्तरांनीं त्यांचें समाधान झालें, आणि दरमहा २५ रुपयांची वृत्ति मिळाली. केळूसकर नसते तर हा मुलगा महाराजांच्या दृष्टीस पडता ना. चरित्रग्रंथांत केळूसकरांना मिळतात त्या चार ओळी. एक जुना शिक्षक ह्या नात्यानें मला त्या फार थोड्या वाटतात.

ही झाली पहिली भेट. पदवी घेऊन आंबेडकर बडोद्याच्या नोकरींत रुजू होतात न होतात, तोंच वडिलांच्या आजारामुळें त्यांना परतावें लागलें. २ फेब्रुवारी १९१३ रोजीं रामजी सुभेदार वारले. त्यानंतर मुंबईंत महाराजांची पुन्हां गांठ पडली. कांहीं विद्यार्थी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत पाठवावे असा महाराजांचा त्या वेळीं विचार चालू होता. त्यांनीं ह्या तरुणाचें म्हणणें ऐकून घेतलें व अर्ज करावयास सांगितलें. ४ जून १९१३ रोजीं करारावर सही झाली : तीन वर्षें दरमहा साडेअकरा पौंड, आणि परत आल्यावर दहा वर्षें बडोदें संस्थानची नोकरी. जुलैंत ते न्यूयॉर्कला पोंचले.

ह्या दोन भेटींच्या मध्यें मनुष्य तोच होता, पण मधल्या वर्षांत पदवी मिळाली होती, नोकरीचा अनुभव आला होता, पितृवियोगही झाला होता. दुसऱ्या भेटींत बोलण्यासारखें जें होतें तें ह्या वर्षांनीं दिलेलें होतें, कोणी पढविलेलें नव्हतें. त्या मुलीस मीं हेंच सांगितलें : उत्तरें बदलूं नकोस, मात्र अर्ज केल्यापासून जें वाचलेंस, जें केलेंस, जें चुकलें, तें त्यांत येऊं दे. क्लासचे पैसे तेवढे वांचले.

आतां नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहींतर मुलाखत म्हणजे केवळ सद्भावाचा प्रसंग असा वाचकांचा समज व्हावयाचा. ज्या कोलंबियानें बाबासाहेबांस विद्या दिली, त्याच विद्यापीठाच्या पदवीपूर्व कॉलेजानें पहिल्या महायुद्धानंतर अर्जाबरोबर छायाचित्र, वडिलांचें जन्मस्थान, धर्म आणि मुलाखत हीं मागावयास आरंभ केला. परीक्षेंत वर येणाऱ्या ज्यू मुलांची संख्या कमी करणें हा त्यांतील हेतु होता, आणि थोड्याच वर्षांत ती सुमारें निम्म्यावर आलीही. हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल ह्यांनीं १९२२ सालीं उघड मर्यादा सुचविली. ती फेटाळली गेली, तेव्हां ‘शील’ पारखण्याच्या नांवाखालीं तेंच आडमार्गानें झालें.

आपल्या देशांतही असा प्रकार न्यायालयापुढें आला आहे. श्रीनगरच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजांत १९७९-८० च्या प्रवेशासाठीं लेखी परीक्षेस १०० आणि तोंडीस ५० गुण होते. तोंडी परीक्षा दरेकीं दोन-तीन मिनिटांत उरकली, आणि तींतही वडील कोण, राहतां कोठें, असले प्रश्न विचारले, अशी मुलांची तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर १९८० मध्यें अजय हासिया खटल्यांत सांगितलें, कीं एकतृतीयांश गुण तोंडीस ठेवणें मनमानीपणाचें आहे; पंधरा टक्क्यांहून अधिक ठेवूं नयेत, व शक्य तर संभाषण ध्वनिमुद्रित करावें. सत्यकाम जाबालाला गुरूनें गोत्र विचारलें, तें त्याला सांगतां आलें नाहीं, तरी त्याच्या सत्यवचनावर त्याला घेतलें. श्रीनगरच्या समितीपुढें त्याचें काय झालें असतें, कोण जाणे!

इतकें असूनही मी मुलाखतीच्या विरुद्ध नाहीं. आणि त्याचें कारण हार्वर्डच्याच एका खटल्यांत आहे. आशियाई वंशाच्या मुलांवर तेथें अन्याय होतो, अशी फिर्याद होती. त्यांत आपल्याकडून तिकडे स्थायिक झालेल्या कुटुंबांचीं मुलेंही आलीं. २०१८ सालीं बोस्टन येथें साक्षीपुरावे झाले, तेव्हां एक चमत्कारिक गोष्ट पुढें आली. ज्या माजी विद्यार्थ्यांनीं ह्या मुलांना प्रत्यक्ष पाहिलें, त्यांनीं व्यक्तिमत्त्वाबद्दल दिलेले शेरे जवळजवळ गोऱ्या मुलांइतकेच चांगले होते. ज्या कचेरींतील मंडळींनीं त्यांतील बहुतेकांना कधीं पाहिलेंच नव्हतें, त्यांचे शेरे मात्र कमी पडत होते. वंश पाहून प्रवेश देण्याची पद्धतच २९ जून २०२३ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें रद्द केली, तो भाग निराळा. मला महत्त्वाचें वाटतें तें हें, कीं समोर बसलेल्या मुलाविषयीं परकें मत ठेवणें कठीण जातें, आणि कागदावरच्या नांवाविषयीं सोपें. म्हणून एकाच्या ऐवजी दोघांनीं भेटावें, आणि दुसरा पहिल्याहून निराळा असावा, हें उमेदवाराच्या हिताचेंच मी समजतों. एकाची आवड किंवा अढी दुसऱ्याकडून थोडी तरी सांवरली जाते.

कोलंबियानें माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती आतां बंद केल्या आहेत. हार्वर्डनें ठेविल्या आहेत. ज्या घरीं असें उशिराचें पत्र येईल, त्यांनीं मुलाला खोली मोकळी करून द्यावी, आणि आजोबांनीं दाराआड बसूं नये. वीज जाण्याची सोय आधीं पाहावी. बोलणारा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल तर हिवाळ्यांत तेथील घड्याळ आपल्या साडेदहा तास मागें असतें; परंतु मार्चच्या दुसऱ्या रविवारीं तेथें घड्याळ एक तास पुढें करतात आणि अंतर साडेनऊ तासांचें होतें. दुसरी मुलाखत बहुधा ह्याच दिवसांत येत असल्यामुळें, ठरलेली वेळ कोणत्या घड्याळाची, हें पत्र पाठवून आधींच विचारून घ्यावें.