कागद खरा, पण कुत्रा लंगडा: वंशावळीची नोंद नेमकं काय सांगते?

आजचा विषय कुत्र्याचा आहे, पण संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचा आहे.

माझे मामा एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या बाजूला राहतात. धानाच्या बांधीत रानडुकरं शिरतात, रात्री जागल करावी लागते. सोबतीला दमदार कुत्रा हवा म्हणून त्यांनी पंचवीस हजार देऊन जर्मन शेफर्डचं पिल्लू आणलं. सोबत नोंदणीचा कागद होता: आई-बापाचं, आजा-पणजाचं नाव, जन्मतारीख, मायक्रोचिपचा नंबर. दीड वर्षात कुत्रा मागच्या पायांनी लंगडायला लागला. एक्स-रे काढला तर खुब्याचा सांधा सैल निघाला, म्हणजे हिप डिस्प्लेशिया. मामांनी मला फोन केला. "भाचा, कागद तर असली आहे ना रे? मग कुत्रा असा कसा निघाला?"

कागद असलीच होता. घोटाळा वेगळ्याच ठिकाणी आहे.

नोंद कशाची असते?

सूरजागडच्या खाणीतून निघालेला ट्रक आठवा. वाहतुकीच्या पासवर माल कुठून निघाला ते लिहिलेलं असतं. पण त्या खनिजात लोह किती टक्के, हे नमुना प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कळत नाही. उगम सांगणारा कागद वेगळा आणि प्रत सांगणारा वेगळा.

वंशावळीची नोंद हा उगमाचा कागद आहे. आपल्याकडे चेन्नईची केनेल क्लब ऑफ इंडिया अशी नोंद करते. अमेरिकन केनेल क्लब तर स्वतःच सांगतो की नोंदणी म्हणजे ठरावीक आई-बापाचं, ठरावीक तारखेचं पिल्लू एवढंच. त्यावरून दर्जा किंवा तब्येत कळत नाही. शिवाय ही माहिती बहुतेक वेळा पैदास करणाऱ्यानेच भरून दिलेली असते.

इथे अजून एक गल्लत होते. आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडच्या कठाणी गायीची कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे. ही जातीची नोंद आहे. तुमच्या गोठ्यातली अमुक गाय चांगली आहे, असं ती म्हणत नाही. जातीची नोंद, एका जनावराच्या वंशावळीची नोंद आणि त्या जनावराची गुणवत्ता, या तीन गोष्टी कायम वेगळ्या ठेवा.

नावाचंही तसंच. मराठवाडा आणि लगतच्या कर्नाटकातला तो सडपातळ शिकारी कुत्रा बघा. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याला कारवान हाउंड म्हणते, तर कर्नालच्या ब्युरोच्या यादीत मुधोळ हाउंड हे नाव आहे. नाव बदललं म्हणून पळण्याचा वेग बदलत नाही.

एकाच वेताची आठ पिल्लं

आता मुख्य मुद्दा. समजा एका वेतात आठ पिल्लं झाली. आठही जणांची वंशावळ अक्षरशः एकच आहे. पण एक धीट, एक भित्रं, एकाचा सांधा घट्ट, एकाचा सैल. असं का? प्रत्येक पिल्लाला आईची निम्मी आणि बापाची निम्मी जनुकं मिळतात, पण कुठली निम्मी, हे दर वेळी नव्याने ठरतं. आनुवंशशास्त्राचा ठोकताळा असा, की आई-बाप एकमेकांचे नातलग नसतील तर समूहातल्या संचयी आनुवंशिक फरकापैकी साधारण निम्मा फरक सख्ख्या भावंडांमध्येच सापडतो. वर खाणं, वजन, व्यायाम, सांभाळ यांचा परिणाम असतोच.

म्हणजे आठही पिल्लांसाठी ज्या चलाची किंमत एकच आहे, ते चल त्या आठांमधला फरक सांगूच शकत नाही. हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

स्वभावाचंही बघा. 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. त्यात 18,385 कुत्र्यांच्या मालकांनी प्रश्नावली भरली होती आणि 2,155 कुत्र्यांचा डीएनए वाचला होता. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम 9 टक्के फरक जातीवरून सांगता आला.

बंद वहीचा धोका

कधीकधी नोंदणीच नुकसान करते. नोंदवहीत बाहेरचं रक्त चालत नाही, त्यामुळे नात्यातच जोड्या लागतात. सिवॉल राइट यांनी 1922 मध्ये अंतःप्रजनन गुणांक मांडला. सावत्र भाऊ-बहिणीच्या पिल्लाचा गुणांक साडेबारा टक्के, सख्ख्यांच्या पिल्लाचा पंचवीस टक्के. दोघेही आई-बाप 'शुद्ध', कागद चोख, पण दोषाचं जनुक दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढलेली. कागदावर दोन-तीनच पिढ्या असतील, तर त्यामागचा समान पूर्वज दिसतही नाही.

इंपीरियल कॉलेजच्या गटाने 2008 मध्ये ब्रिटिश केनेल क्लबच्या नोंदींवरून दहा जाती तपासल्या. त्यातल्या सात जातींत सहा पिढ्यांत 90 टक्क्यांहून जास्त अनन्य आनुवंशिक रूपं नाहीशी झाली होती.

डाल्मेशियनची गोष्ट तर डोळे उघडणारी आहे. नोंदणीकृत डाल्मेशियनमध्ये लघवीत यूरिक आम्ल वाढवणारा दोष सरसकट पसरला होता, त्यातून मुतखडे होत. 1973 मध्ये रॉबर्ट शेबल यांनी एकदाच पॉइंटरशी संकर केला आणि पुढच्या पिढ्यांत निर्दोष जनुक टिकवलं. पण अमेरिकन क्लबने त्या निरोगी वंशाला कायमची दारं उघडली ती 2011 मध्ये! तोवर निरोगी कुत्रा वहीबाहेर आणि दोषी कुत्रा वहीत.

मग नोंद निरुपयोगी का?

अजिबात नाही. वरचा 2008 चा अभ्यास नोंदींमुळेच शक्य झाला. आई-बाप कोण ते कळलं, तर त्यांच्या खुब्याचे एक-रे, रोगांचा इतिहास, स्वभाव शोधता येतो. नोंद ही चौकशीची सुरुवात आहे, मामांनी तिला चौकशीचा शेवट समजलं.

आता तुमच्याकडे वळतो. संशोधनात आपण हेच करतो. नियतकालिकाला आयएसएसएन आहे म्हणजे ते दर्जेदार, असं समजतो. तो तर फक्त ओळख क्रमांक आहे. शाळेची पटनोंदणी वाढली म्हणजे शिक्षण सुधारलं, असं लिहितो. आराखडा लिहिताना प्रत्येक निर्देशकापुढे तीन प्रश्न टाका: ही नोंद कुणी भरली? तिने नेमकं काय मोजलं? आणि मला जो फरक समजावायचा आहे, तो या नोंदीत दिसतो तरी का?

मामांचा कुत्रा आता वजन आटोक्यात ठेवून, औषधावर बरा आहे. अंगणात बसून भुंकतो. जागलीला मात्र गावातलाच एक बिनकागदी कुत्रा जातो. मामांनी त्याला घेण्याआधी त्याची आई दोन हंगाम बांधीवर काम करताना पाहिली होती. पद्धतशास्त्राच्या भाषेत याला थेट मोजमाप म्हणतात. अर्थात एका कुत्र्यावरून सिद्धांत मांडू नका, नाहीतर मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येईल.