कापणीपूर्वीची पेरणी

आधी कापणी आणि मग पुढील पिकाची पेरणी, असा शेतीचा क्रम आपण पुस्तकांत वाचतो. परंतु बालाघाट जिल्ह्यात, वैनगंगेच्या खोऱ्यातील एखाद्या लहान शेतावर आश्विन महिन्यात कोणी गेले, तर त्यास हा क्रम उलटा झालेला दिसेल. धान अजून उभे आहे, लोंब्या नुकत्या वाकू लागल्या आहेत, आणि घरधनी बियांची ओटी बांधून त्याच उभ्या धानात लाखोळी फेकीत चालला आहे. या पद्धतीस उतेरा म्हणतात.

धानाचे शेत म्हणजे लहान लहान बांध्या. चहूकडून मातीचा धुरा घालून पाणी अडविलेला तुकडा, ती बांधी. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा तिकडे गेला व बालाघाट मध्य प्रदेशात राहिला; पण बांधी, धुरा, कडपा, पुंजणे हे शब्द दोन्हीकडे तेच राहिले.

धानात हलके आणि भारी असा भेद असतो. हलके धान दसऱ्याच्या सुमारास विळ्याखाली येते, म्हणून दिवाळीचा खर्च त्यावर भागतो. भारी धानास कार्तिक, कधी मार्गशीर्षही उजाडतो. आमच्या जिल्ह्याचा सुवासिक चिन्नोर, ज्यास 2021 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तो याच भारी जातींतला. तो उंच वाढतो, वाऱ्याने आडवा पडतो आणि पिकतोही थोडा; तरी सणासुदीच्या भातासाठी एक बांधी त्याची ठेवणारी घरे आहेत.

शरद ऋतूतील सारे कौशल्य पाण्यात आहे. धान फुलोऱ्यावर असताना बांधीत पाणी हवे, नाहीतर दाणा पोचट राहतो. फुलोऱ्यानंतर सुमारे महिन्याने दाणा पक्व होतो. त्याच्या दहा-पंधरा दिवस आधी धुरा फोडून पाणी काढावे लागते. लवकर काढले तर दाणा भरत नाही, उशिरा काढले तर चिखलात कापणी करावी लागते. उतेऱ्याची वेळ याच दिवसांतली. पाणी निघून गेले आहे, पण माती लोण्यासारखी मऊ आहे, असे थोडेच दिवस मिळतात. रात्रभर भिजविलेले लाखोळीचे किंवा जवसाचे बी तेव्हा फेकले, तर ते धानाच्या सावलीत रुजते. त्यास ना नांगर लागतो, ना पुढे पाणी. मातीतील ओल आणि हिवाळ्यातील दंव यांवरच ते वाढते. अर्थात जमीन ओल धरणारी, म्हणजे काळी कन्हार हवी. हलक्या सिहार जमिनीत हे साधत नाही. लाखोळीच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र मातीत साठवितात, हा लाभ वेगळाच.

लाखोळीविषयी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. दुष्काळात लोकांनी महिनोन्‌महिने हीच डाळ खाल्ली, तेव्हा पाय लुळे पडण्याचा रोग पसरला. म्हणून 1961 साली केंद्र सरकारने तिच्या विक्रीवर बंदी घातली होती. पुढे शास्त्रज्ञांनी विषारी द्रव्य कमी असलेल्या रतन, प्रतीक यांसारख्या जाती काढल्या.

कापलेले धान मुठीमुठीने जमिनीवर पसरतात, त्या कडपा. दोन-चार दिवसांच्या उन्हात त्या वाळल्या की भारे बांधून खळ्यावर पुंजणे रचतात. शेतकऱ्याच्या जिवाची खरी घालमेल कडपा पडल्या असतानाच होते. एका वर्षी स्वाती नक्षत्रात, आभाळ निरभ्र पाहून आम्ही कापणी धरली आणि दुसऱ्याच रात्री पाऊस आला. तीन दिवस कडपा पाण्यात होत्या. चौथ्या दिवशी आजीने एक लोंबी उचलून पाहिली, तो दाण्यांना पांढरे कोंब फुटले होते. वाचलेले धान आम्ही घरच्या ओसरीवर, पडवीत, अगदी खाटांवरही पसरले. हमीभावाच्या खरेदीत धानातील ओलावा 17 टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाही. त्यामुळे पाऊस उघडला तरी चिंता उघडत नाही.

अशा अनुभवानंतर हार्वेस्टर बोलाविणाऱ्यास दोष कसा द्यावा? मजूर मिळत नाहीत, आणि आठ दिवसांचे काम यंत्र एका सकाळी उरकते. परंतु यंत्रास कोरडी, टणक जमीन हवी, तर उतेऱ्यास ओली. यंत्राची चाके कोवळ्या लाखोळीवरून गेली की ती पुन्हा उठत नाही. शिवाय विळ्याने कापलेला लांब, सरळ पेंढा बैलांसाठी रचून ठेवता येतो. यंत्रामागे पडतो तो चुरडलेला. तेव्हा एक पीक निर्धोक घरात आणावे, की दोन पिकांची आशा धरून आभाळाकडे पाहत बसावे, हा निर्णय दर शरदात प्रत्येक घरास नव्याने करावा लागतो.

आमच्या घरी यंदा तीन बांध्यांत यंत्र फिरले. तळ्याखालच्या दोन कन्हार बांध्यांत मात्र आजोबांनी ते जाऊ दिले नाही. तेथे आई, काकू आणि आम्ही मुलांनी विळ्यानेच, थोडे उंच धरून धान कापले, म्हणजे खालची रोपे छाटली जाऊ नयेत. आता त्या खुंटांमधून लाखोळी वीतभर वर आली आहे, आणि गावची गुरे आत शिरू नयेत म्हणून धुऱ्यावर काटे लावण्याचे काम माझ्याकडे आहे.