संत्र्याला भोक पाडणारी सोंड

आंबिया बहाराची संत्री पिकू लागली की विदर्भातल्या बागांत संध्याकाळी धूर केला जातो. तो रस शोषणाऱ्या पतंगासाठी, म्हणजे युडोसिमासाठी. पुढचे पंख वाळक्या पानासारखे, मागचे भडक नारिंगी आणि त्यांवर काळे डाग. रात्री तो सालीला टाचणीएवढं भोक पाडतो. त्यातून बुरशी शिरते, फळ सडतं आणि गळतं.

एवढी जाड साल भेदते कशी? पतंगाची सोंड दोन अर्ध्या पन्हळी जोडून बनलेली असते. बहुतेकांत ती लवचिक असते, मध ओढण्यापुरती. युडोसिमात तिचं टोक कठीण झालेलं असून त्यावर काटे आणि आकडे आहेत. दोन्ही अर्धे आळीपाळीने पुढेमागे सरकतात आणि सोंड करवतीसारखी आत उतरते.

याच घराण्यातला कॅलिप्ट्रा आणखी पुढे गेला. स्विस कीटकतज्ज्ञ हान्स बँत्सिगर यांना १९६०च्या दशकात मलायात कॅलिप्ट्रा युस्ट्रिगाटा हा पतंग सस्तन प्राण्यांची कातडी भेदून रक्त पिताना आढळला. रक्त पितात ते फक्त नर. डासांच्या अगदी उलट. नराला क्षार हवे असतात आणि मीलनात ते मादीला मिळतात, असा एक तर्क आहे. मला तो पटण्याजोगा वाटतो. फळं भेदणारी सोंड आधीच तयार होती; कातडीसाठी वेगळं हत्यार घडवावं लागलं नाही.

वर्गीकरणात मात्र या मंडळींची बरीच फरफट झाली. छातीच्या मागच्या भागावर वटवाघळांचा आवाज टिपणारे कान असल्यामुळे ते नॉक्टुओइडिया या महाकुलातले, याबद्दल वाद नव्हता. पण कूळ कोणतं? पूर्वी त्यांना नॉक्ट्युइडीत कोंबलं होतं. त्या कुळातल्या बहुतेकांच्या मागच्या पंखातली एक मुख्य शीर तीन फाट्यांची दिसते, यांची चार फाट्यांची. शिरांची ही साक्ष जुनीच. २००० नंतर डीएनएचा आधार मिळाला आणि आता ते एरेबिडी कुळात, कॅल्पिनी या गटात आहेत.

अळ्यांचं खाणंही नातं सांगतं: युडोसिमा आणि कॅलिप्ट्रा या दोन्हींच्या अनेक जातींच्या अळ्या गुळवेलीच्या कुळातल्या वेलींवर वाढतात. युडोसिमाची अळी संत्र्यावर नसतेच, त्यामुळे झाडावर अळीनाशक फवारून उपयोग नाही. बांधावरची गुळवेल आणि वासनवेल उपटायला सांगतात ते म्हणूनच. हल्ली काढ्यासाठी लोक गुळवेल हौसेने कुंपणावर चढवतात, ती गोष्ट वेगळी.