छप्पर लष्कराचं, सातबारा कोणाचा?

नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, पनवेल-कर्जत नव्या रेल्वेमार्गाचं काम डोळ्यांसमोर उभं राहिलं आणि कर्जत-खालापुरात घराचा विषय निघाला की एक उपाय हमखास पुढे येतो: सरकारच्या, त्यातही लष्कराच्या, पडून असलेल्या इमारती आणि जमिनी लोकांना राहायला द्या. राज्याच्या नव्या गृहनिर्माण धोरणात ३५ लाख घरांचं उद्दिष्ट आहे, त्यासाठी सरकारी जमिनींची बँक करायचं ठरलं आहे. तिकडे ब्रिटनच्या संरक्षण खात्याने १९९६मध्ये खासगी कंपनीला विकलेली सैनिकी घरं जानेवारी २०२५मध्ये परत विकत घेतली. ३६ हजारांवर घरांसाठी सुमारे ६०० कोटी पौंड मोजले. त्यामुळे या कल्पनेला सध्या चांगले दिवस आहेत.

कल्पना वाईट नाही. अडचण अशी की आपल्याकडे सैन्याला स्वतःच्याच माणसांसाठी घरं कमी पडत आली आहेत. जवानांच्या कुटुंबांसाठी सुमारे दोन लाख घरं बांधण्याचा प्रकल्प २००२ साली हाती घ्यावा लागला, तो याच टंचाईपोटी. पण लष्कराच्या रिकाम्या छपराखाली बेघरांना आणण्याचा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा प्रयोग आपल्याच लोकलच्या मार्गावर झालेला आहे. राजमाचीच्या डोंगरातून उतरून कर्जत, नेरळ, बदलापूर करत जी नदी खाली जाते, तिचंच नाव त्या गावाला मिळालं. ते उल्हासनगर.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा तात्पुरता तळ उभा राहिला. सैनिक यायचे, थांबायचे, पुढे जायचे. बॅरकींची संख्या दोन हजारांच्या वर होती. युद्ध संपलं, तळ रिकामा झाला आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं तिथे आणली गेली. थोड्याच काळात लोकवस्ती लाखाच्या घरात गेली. भागाकार केला तर एका बॅरकीला पन्नासेक माणसं पडतात. लांबच लांब शेड, मध्ये भिंत नाही. ती एकाच हुकुमाखाली उठणाऱ्या-झोपणाऱ्या पुरुषांसाठी बांधलेली. तिथे सासू-सून, बाळंतीण, शाळकरी मुलं यायची म्हणजे आधी आडोसा हवा. मग कापडाचे, गोणपाटाचे पडदे लागले. त्यांच्या जागी पुढे पक्क्या भिंती आल्या आणि त्यातून खोल्या निघाल्या. नळ आणि संडास मात्र सामाईक. आजही तिथले पत्ते कॅम्प नंबर, बॅरक नंबर, रूम नंबर असेच लिहितात. १९४९च्या ८ ऑगस्टला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारींनी गावाचं नामकरण केलं, पण तिथला माणूस अजूनही ‘कॅम्प तीनला राहतो’ असंच सांगतो.

मला या कहाणीत सर्वांत मोलाचा वाटतो तो छपराचा भाग नाही. छपरं तयारच होती. मोलाचा आहे तो १९५४चा निर्वासितांच्या भरपाईचा आणि पुनर्वसनाचा कायदा. सिंधमध्ये सोडून आलेल्या मालमत्तेच्या दाव्यापोटी इथली खोली नावावर करून घेण्याची वाट त्याने खुली केली. सनद हातात पडली की माणूस भिंतीला गिलावा करतो, दुकान टाकतो, पोराच्या शिक्षणासाठी कर्ज काढतो. उल्हासनगरचे कारखाने आणि बाजारपेठ उभी राहिली, त्यामागे कष्ट होतेच, पण हा कागदही होता.

आणि जिथे कागद पोचला नाही, तिथे काय झालं तेही याच गावात दिसतं. बॅरकींच्या मधली मोकळी जागा धड कोणाची नव्हती. तिच्यावर बांधकामं चढली, मजल्यांवर मजले गेले. २००५ साली ८५५ बेकायदा इमारती पाडण्याचा प्रश्न उच्च न्यायालयात गाजला आणि २००६मध्ये केवळ या एका शहरासाठी नियमितीकरणाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. मे २०२१मध्ये पंधरा दिवसांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं दगावली. मालकी धूसर असलेल्या घरांची दुरुस्ती करायला ना बँक पुढे येते ना बिल्डर.

जगातही हेच दिसतं. इंग्लंडमध्ये १९४६च्या उन्हाळ्यात युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या कुटुंबांनी रिकाम्या लष्करी छावण्यांचे दरवाजे स्वतःच उघडले. ऑक्टोबरपर्यंत हजारावर छावण्यांत सुमारे ४० हजार माणसं राहत होती. पोलिसांनी फारसं अडवलं नाही. पुढे अनेक ठिकाणी नगरपालिकांनी पाणी दिलं, भाडं घेतलं. पण काही कुटुंबं पुढची दहा-बारा वर्षं त्याच पत्र्याच्या झोपड्यांत राहिली. तात्पुरती सोय एकदा चालून गेली की ती संपवायची घाई कोणालाच राहत नाही.

खालापूरला हे वेगळं सांगायला नको. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता घोषित झाले. वाडीला गाडीरस्ता नव्हता, बचावपथकं डोंगर चढून गेली. वाचलेल्यांना चौक गावाजवळ पत्र्याच्या कंटेनरमध्ये ठेवलं. तेवढी तत्परता सरकारने दाखवली, ती नोंदवलीच पाहिजे. पण सिडकोने बांधायला घेतलेली ४४ घरं तयार होईपर्यंत दुर्घटनेचा पहिला स्मृतिदिन कंटेनरमध्येच उलटला. मे महिन्यात रायगडच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत दुपार काढायची म्हणजे काय, हे धोरणं लिहिणाऱ्या प्रत्येकाने एकदा अनुभवावं.

कोनची गोष्ट त्याहून बोलकी आहे. खालापूरच्या शेजारी, पनवेल तालुक्यातल्या या गावी एमएमआरडीएच्या योजनेतली २,४१७ घरं गिरणी कामगारांना डिसेंबर २०१६च्या सोडतीत लागली. १६० चौरस फुटांच्या दोन खोल्या मिळून एक घर. कामगार ताब्याची वाट पाहत असतानाच करोना आला आणि तीच रिकामी घरं प्रशासनाने विलगीकरणासाठी घेतली. ती परत मिळाली तेव्हा दुरुस्ती केल्याशिवाय देण्याजोगी नव्हती आणि प्रत्यक्ष ताबा मिळायला सोडतीनंतर सात वर्षांच्या आसपास गेली. साठी-सत्तरीच्या कामगारांची ही सात वर्षं होती. सरकारला हवी होती तेव्हा हीच घरं एका आदेशाने उघडली गेली होती.

कर्जत-खालापुरात रिकामी घरं आहेतच, पण ती लष्कराची नाहीत. शनिवारी उघडणारे आणि रविवारी संध्याकाळी कुलूप लागणारे बंगले आहेत. गुंतवणूक म्हणून घेतलेले आणि एकदाही चूल न पेटलेले फ्लॅट आहेत. २०११च्या जनगणनेत देशाच्या शहरांत १ कोटी ११ लाख घरं रिकामी निघाली, तेव्हा शहरी टंचाईचा सरकारी अंदाज १ कोटी ८८ लाखांचा होता. खासगी कुलपं कोणी तोडणार नाही, तोडूही नयेत. पण टंचाई केवळ भिंतींची नसून हक्काचीही आहे, हे या आकड्यांतून समजतं.

हा हक्क सगळ्यात कमी कोणाकडे आहे, हे डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी २०१३च्या ‘फायटिंग एव्हिक्शन’ या पुस्तकात मांडलं. गृहनिर्माणावर बोलणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावं. कातकरी वाडी पिढ्यान् पिढ्या जिथे आहे, ती जागा सातबारावर दुसऱ्याच कोणाची. जमीनमालकाला तोवर वाडीचा त्रास नव्हता, कारण शेतावर राबायला माणसं जवळ मिळत. फार्महाऊसवाले आले, भाव चढले आणि वाडीभोवती तारेचं कुंपण पडू लागलं. घर उभं आहे, त्यात माणसं आहेत, पण पायाखालची जमीन त्यांची नाही. अशा माणसाला घरकुल मंजूर झालं तरी बांधायचं कुठे? ठाकरांच्या वाड्या वनजमिनीवर, दळीच्या, म्हणजे डोंगरउतारावर कसायला दिलेल्या वनजमिनींचा घोळ तर ब्रिटिश काळापासूनचा.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की जमिनींच्या बँकेची सुरुवात रिकाम्या इमारती शोधण्यापासून नको, वाड्यांपासून व्हावी. जमीन महसूल संहितेच्या १२२व्या कलमाने गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आधीच दिलेला आहे. त्यासाठी नवा कायदा नको, विधानसभेचं अधिवेशन नको. मोजणी करून वाडी गावठाणात घ्यावी, जागा खासगी असेल तर मालकाला रीतसर मोबदला द्यावा आणि घराखालची जमीन नवरा-बायको दोघांच्या नावे करावी. विमानतळामुळे दर महिन्याला या जमिनीचा भाव वाढतो आहे. आज जो मोबदला सरकारला परवडेल, तो पाच वर्षांनी परवडणार नाही.