चाचणीवर दोन रेषा येण्याआधीची गोळी

बाळाचा विचार सुरू आहे? मग फॉलिक ॲसिड आजच सुरू करा, दिवस राहण्याची वाट पाहू नका. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून घडतो, ती गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकली हे लक्षात येऊन डॉक्टरांकडे जाईपर्यंत बरंच काम उरकलेलं असतं! म्हणून किमान महिनाभर आधी, जमलं तर तीन महिने आधीपासून, रोज 400 मायक्रोग्रॅम.

आता घरातली स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडे दुकानात सहज मिळते ती बहुतेक 5 मिलिग्रॅमची, म्हणजे बारा पटीहून जास्त. आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल, मधुमेह किंवा फिटची औषधं चालू असतील, तर डॉक्टर जास्त डोस देतात. तो मनाने ठरवायचा नाही.

फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाची गोष्ट आपल्या मुंबईतली आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर 1928 मध्ये इथे आली. गिरणी कामगार गरोदर बायांचा पंडुरोग तिने अभ्यासला. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात, हे 1931 मध्ये मांडलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट, फॉलिक ॲसिडचंच नैसर्गिक रूप.

पालक, मेथी, चवळी खाच. पण शिजवताना फोलेट बरंच जातं, म्हणून गोळी हवीच. हिमोग्लोबिन आणि थायरॉईडही तपासून घ्या. लोहाची गोळी दिली तर चहासोबत नको. आणि ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसपासून लांब राहा, त्याने गर्भाला इजा होऊ शकते.