रिसेटवर भरवसा ठेवा, पण आधी खाती काढा

नवा फोन घरात आला की जुन्याचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याला दोन टोकांची उत्तरं दिली जातात. काही जण गॅलरीतले फोटो घाईघाईने पुसतात आणि फोन दुकानदाराच्या हाती देतात. काहींना धास्तीच इतकी असते की चांगला चालणारा फोन वर्षानुवर्षं कपाटात पडून राहतो. ‘कितीही पुसलं तरी काढणारे सगळं काढतात’ असं त्यांनी ऐकलेलं असतं. ही दोन्ही माणसं धोका चुकीच्या जागी शोधत आहेत. गेल्या काही वर्षांतल्या फोनवर फॅक्टरी रिसेट नीट केला, तर आतली माहिती खरोखरच हाती लागत नाही. धोका उरतो तो रिसेटच्या आधी करायच्या आणि हमखास राहून जाणाऱ्या कामांत.

ही धास्ती मात्र उगाच निर्माण झालेली नाही. केंब्रिज विद्यापीठातील लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी २०१५ साली वापरलेले २१ अँड्रॉइड फोन तपासले. रिसेट केल्यानंतरही त्यांतून संदेश, फोटो आणि गूगल खात्यात शिरता येईल असे तपशील मिळाले. ते फोन अँड्रॉइडच्या २.३ ते ४.३ या आवृत्त्यांचे होते. फाइल ‘डिलीट’ केली की बहुधा फक्त तिची नोंद जाते, मजकूर जागेवरच राहतो. त्यात फोनमधली फ्लॅश मेमरी जुन्या मजकुरावर थेट लिहीत नाही. चिप लवकर झिजू नये म्हणून नवा मजकूर ती दुसऱ्याच जागी ठेवते आणि काही जागा राखीवही ठेवते. म्हणूनच ‘रिसेट केल्यावर मोठमोठे व्हिडिओ भरून फोन पुन्हा पुसा’ हा लोकप्रिय सल्ला पूर्ण खात्री देऊ शकत नाही.

हा पेच सुटला तो एन्क्रिप्शनमुळे. आयफोनमध्ये २००९ च्या थ्रीजीएसपासून हार्डवेअरमध्येच त्याची सोय आहे. अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून बहुतेक नव्या फोनांना आणि २०१९ मधल्या दहाव्या आवृत्तीपासून सर्वच नव्या फोनांना ते सक्तीचं झालं. अशा फोनवर प्रत्येक फोटो, प्रत्येक संदेश सांकेतिक रूपातच साठवला जातो आणि तो वाचण्याची किल्ली फोनमध्येच जपलेली असते. रिसेट करताना ही किल्ली नष्ट होते. मागे काही तुकडे उरले तरी त्यांचा अर्थ लावता येत नाही. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेनेही माहिती नष्ट करण्याची ही पद्धत मान्य केली आहे. कुणी म्हणेल, मग रिकव्हरीची दुकानं कशी चालतात? तिथे परत मिळतं ते सहसा किल्ली शाबूत असलेल्या फोनमधून, मेमरी कार्डातून किंवा क्लाउडवरच्या बॅकअपमधून. किल्ली गेल्यावर त्यांचं सॉफ्टवेअरही हतबल असतं.

म्हणून लक्ष द्यायला हवं ते रिसेट जिथे पोहोचत नाही तिथे. मेमरी कार्ड आणि सिम फोनबरोबरच दिलं, तर कार्डावरचे फोटो नव्या मालकाला सहज दिसू शकतात. याउलट, विकण्याआधी फोटो एकेक करून पुसणाऱ्यांचं वेगळंच नुकसान होतं. क्लाउडशी जोडणी चालू असेल, तर तेच फोटो नव्या फोनवरूनही जातात. रिसेट फक्त त्या फोनमधली प्रत पुसतो, क्लाउडवरची ठेवतो. म्हणून हाताने पुसण्यापेक्षा थेट रिसेट करणंच बरं.

दुसरी राहून जाणारी गोष्ट म्हणजे कुलूप. चोरीला आळा बसावा म्हणून ॲपलने २०१३ साली आयओएस ७ मध्ये आणि गूगलने २०१५ साली अँड्रॉइड ५.१ मध्ये अशी सोय केली की जुन्या मालकाचं खाते जोडलेलं असेल, तर पुसलेला फोनही त्या खात्याची ओळख पटल्याशिवाय सुरू होत नाही. प्रामाणिक ग्राहकाला हा जाच वाटतो, ही तक्रार खरी आहे. पण चोराच्या हातात फोन निरुपयोगी ठरतो तो याच जाचामुळे, आणि मालकाने खाते आधीच काढलं तर ग्राहकाला त्याची झळही लागत नाही. जुना फोन घेणाऱ्याने तो समोरच सुरू करून खाते मागत नाही ना, हे पाहावं. फोनची ओळख असलेला आयएमईआय क्रमांक रिसेटने बदलत नाही. म्हणून स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून तो बघावा आणि केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’वर तपासून घ्यावा.

कामांचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी बॅकअप घ्यावा आणि तो नव्या फोनवर उघडतो का ते पाहावं. मग ओटीपी तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपमधली खाती नव्या फोनवर न्यावीत, कारण ती राहून गेली तर आपल्याच खात्यांतून बाहेर पडायची वेळ येते. बँकेची आणि यूपीआयची ॲप्स नव्या फोनवर सुरू झाल्याची खात्री करावी. त्यानंतर आयफोनवर ‘फाइंड माय’ बंद करावं, अँड्रॉइडवर गूगल खाते काढावं, सिम आणि कार्ड बाहेर घ्यावं, आणि मगच सेटिंग्जमधून रिसेट करावा. शेवटी, आपल्या खात्याच्या उपकरणांच्या यादीतूनही तो फोन हटवावा.

यालाही अपवाद आहेत. एन्क्रिप्शन नसलेल्या फार जुन्या फोनला किंवा सुरूच न होणाऱ्या फोनला हे लागू होत नाही. असा फोन विकण्याऐवजी तो नष्ट करण्याची हमी देणाऱ्या अधिकृत ई-कचरा केंद्रात द्यावा. बाकीचे कपाटात साठवण्याचं कारण मात्र उरलेलं नाही. एक फोन घडवायला बरीच खनिजं आणि ऊर्जा खर्ची पडते, आणि शिक्षणासाठी किंवा कामासाठी साधा फोन हवा असलेले अनेक जण आपल्या आजूबाजूलाच असतात. क्रम पाळून रिसेट केलेला फोन त्यांना निर्धास्तपणे देता येतो.